पुलावरचे पालथे

४ जानेवारी

प्रिय बारके,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं आणि चौथ्याला तुझी वहिनी माझ्या हातातून फोन काढून घेते. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही. तेव्हा आता मुकाट्याने वाच.

नोकरी संपल्यापासून मी पुन्हा आपल्या त्या शिपायांच्या नादाला लागलोय, हे तुझ्या कानावर असेलच. आपण लहानपणी फरशीवर मांडायचो ना, ते आता इथे टक्कल पडलेली माणसं टेबलावर मांडतात. अंगठ्याएवढे शिपाई, फासे, अंतर मोजायला पट्टी आणि भांडायला नियमांचं जाडजूड पुस्तक. आमचं मंडळच आहे. एक बँकेतला, एक हाडांचा डॉक्टर, एक निवृत्त न्यायाधीश. हा न्यायाधीश फासा पडला की निकाल दिल्यासारखा खाकरतो. मार्चअखेर आमची स्पर्धा असते. प्रत्येकाने एक अख्खं टेबल मांडायचं, नदी, डोंगर, घरं, लढाई, सगळं हाताने केलेलं. मी दरवर्षी दुसरा येतो. तुझी वहिनी म्हणते, "माझ्यासाठी पण तुम्ही दुसरेच होतात, पहिल्याने नकार कळवला म्हणून तुमचा नंबर लागला."

यंदा मी आपली पुलाची लढाई मांडतोय. आठवते ना? बाबांच्या बुटांच्या खोक्याचा पूल, आईच्या जुन्या चादरीची नदी. माझं निळं पथक दिमाखात पूल ओलांडतंय आणि तुझं लाल पथक चारी मुंड्या चीत! निळे मी नव्याने केलेत, वर्षभर डोळे फोडून. लाल मात्र तुझेच हवेत. तुझ्या ब्रशाची सर माझ्या ब्रशाला नाही, हे मी कबूल करतो. हे वाक्य कापून जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

आता मुद्दा. मला उभे लाल नकोत, मेलेले हवेत. पुलावर आणि काठावर पडलेले, वीस-पंचवीस. म्हणजे तुझ्या पथकातले तेवढे पायाखालच्या बैठकीवरून कापायचे, गुडघे-कोपरं करवतीने तोडून वाकडी करायची, आतून तार घालून जोडायची, सांधे पुट्टीने भरायचे आणि पुन्हा रंगवायचे. तू दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतेस, हे तुझ्या हातचा मळ आहे.

आणि हो, माझं जुनं निळं पथक तिथेच, आपल्या जुन्या घराच्या मागच्या खोलीतल्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात असेल. त्याला हात लावू नकोस. त्यात तो सेनापती आहे, ज्याला बघून बाबा म्हणाले होते, "काय डोळे काढलेत! हात आहे पोराला." घर सोडताना डबा बंद केला तो पुन्हा उघडलेला नाही. पण एकदा मंडळात नेऊन दाखवायचाय सगळ्यांना, बाराव्या वर्षी मी काय काम करायचो ते.

अनेक आशीर्वाद.

दादा

१५ जानेवारी

दादा,

आशीर्वाद पोचले. विनंतीही पोचली. तुझी विनंती हुकमासारखी दिसते, पण मला सवय आहे.

सकाळपासून एका बाईंची कवळी घासत बसले होते. त्यांना हसताना पूर्वीसारखं दिसायचंय, आणि पूर्वीचा फोटो एकही नाही. आमचा डॉक्टर म्हणतो, "तुम्ही अंदाजाने करा." दिवसभर मी दुसऱ्यांच्या जबड्यांच्या मापाने काम करते रे. संध्याकाळी टेबलावरचा दिवा ओढून घेते आणि लाल पथक काढते, तेव्हा कुठे कुणाचं माप नसतं. म्हणून सांगते, ते लाल आता तुला आठवतात तसले राहिलेले नाहीत.

बाबांनी दोन खोकी आणली होती. दोन्हीत तेच शिशाचे शिपाई, एकाच साच्यातले. तू आधी ओरडलास, "मी निळा", म्हणून मी लाल झाले, आणि लाल झाले म्हणून शत्रू झाले. तुझे शिपाई मला रंगवू द्यायचा नाहीस, "बिघडवशील" म्हणायचास. मग मी माझेच रंगवत बसले, आणि आजवर थांबले नाही. एकेकाला बदलत गेले. भालेवाल्याची मान फिरवली, आता तो मागे वळून कुणाची तरी वाट बघतो. ढोलवाल्याला म्हातारा केला. दोघांच्या दाढ्या कानशीने उडवून त्यांच्या बायका केल्या. एकाची तलवार काढून त्याच्या हातात किटली दिली, कारण एवढ्या मोठ्या सैन्यात चहा कुणीतरी करत असणारच. माझ्याकडे कुणी आलं तर आधी त्या किटलीवाल्याला बघून हसतं, मग मला विचारतं, कशी आहेस. त्यांना करवत लावायला सांगतोयस तू.

आणि दुसरी गोष्ट. पुलाची लढाई मी जिंकले होते.

विसरलास? माझा ढोलवाला पुलावर उभा होता आणि तुझा सेनापती त्याला हलवायला आला. फासा पडला आणि तुझा सेनापती मेला. सरळ, नियमाने. तू फासा उचलून दिव्याखाली धरलास, वाकडा आहे का बघायला. तेवढ्यात बाबा कामावरून आले. बूट काढता काढता म्हणाले, "चुकून लागलं असेल तिला. पुन्हा टाका." पुन्हा टाकला. तेव्हा तू जिंकलास.

मेलेलेच हवे असतील तर निळे पाड. लाल मी उभे पाठवते, पुलावर छान दिसतील.

बारकी

२४ जानेवारी

प्रिय बारके,

तू म्हणजे ना, कमाल आहेस! कुठल्या जमान्यातला फासा आणि कुठला हिशोब! मला तर स्पष्ट आठवतंय, तू हरलीस आणि भोकाड पसरलंस, नाक तुझ्या शिपायांच्या कोटासारखं लालभडक. जिंकलेला माणूस रडतो का गं? वहिनीला वाचून दाखवलं तुझं पत्र. ती म्हणाली, "द्या की तिला जिंकू, तुमचं काय जातंय?" तिला काय कळतंय यातलं.

निळे पाडून मी काय दाखवू? वर्षभर एकेक बटण भिंगातून रंगवलंय. त्यांना मातीत लोळवू?

गमतीचं सोडतो. बारके, मला एकदा पहिला यायचंय. तू हसशील. पण ऑफिसात मी कायम उपप्रमुख राहिलो. माझ्यावर तीन प्रमुख येऊन गेले, तिघांना मीच काम शिकवलं. निरोपाच्या दिवशी नव्या साहेबाने माझं आडनाव दुसऱ्याचंच घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. मंडळात हसतात माझ्यावर, "आले दुसरे साहेब" म्हणतात. तोंडावर हसून घेतो, घरी आल्यावर जेवण जात नाही. हे वहिनीला माहीत नाही. तुला लिहितोय, कारण तुझ्याशिवाय हे टेबल उभं राहणार नाही.

तुझं काम फुकट जाणार नाही. टेबलापुढे पुठ्ठ्याची पाटी लावतात. त्यावर तुझं नाव घालतो, माझ्या खाली, पण तेवढ्याच मोठ्या अक्षरात. शब्द देतो.

आणि एक लक्षात ठेव. आमचा परीक्षक महा किरकिरा आहे. तुमच्या दाताच्या डॉक्टरांकडे असतो ना तो दांडीवाला छोटा आरसा, तो घेऊन फिरतो आणि शिपायांच्या खाली घालून बघतो. खालून अर्धवट सोडलेलं असलं की तिथेच गुण कापतो. तेव्हा पालथ्या पडलेल्यांची जमिनीकडची बाजूसुद्धा पूर्ण रंगवलेली हवी.

तुझाच,
दादा

२ फेब्रुवारी

दादा,

साहेबाने नाव चुकवलं आणि तू टाळ्या वाजवल्यास, हे वाचून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. मला वाटायचं, घरात सगळं तुझ्या वाट्याला आलं तसं बाहेरही आलं असेल.

जिंकलेला माणूस रडतो का, म्हणून विचारतोस. रडतो. जिंकलेलं काढून घेतलं की रडतो. पण राहू दे ते, तुझ्याशी फाशावरून किती वर्षं भांडू?

करते. तुझा शब्द आहे म्हणून करते. पाटीवर जास्त काही नको. "लाल पथक: बहिणीचं" एवढं लिहिलंस तरी चालेल. या शिपायांना माझ्या घराबाहेर कुणी कधी पाहिलेलं नाही. पहिल्यांदा बघतील ते मेलेलेच, पण निदान कुणाचे ते कळू दे.

काल भालेवाल्याला चिमट्यात धरलं आणि घोट्यापाशी करवत लावली. एक ओढ दिली आणि थांबले. पायावर चांदीसारखी रेघ उमटली. इतकी वर्षं हे काम करते, लोकांचे दात कापते, घासते, कधी हात अडला नाही. काल अडला. त्या रेघेवर रंग लावून त्याला परत कपाटात ठेवला. दोन दिवसांत पुन्हा बसेन. तोवर मला कळव, तुझ्या पुलावरची माती कोरडी आहे की चिखल, रंग त्याप्रमाणे धरते. आणि कुणाला कुठे पाडायचंय तेही सांग.

वहिनीला नमस्कार. तिच्या बाजूने मी आहे, असं सांग.

बारकी

१४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

चिखल. काळपट, ओला, बुटांना चिकटणारा.

एक रेघ पडली म्हणून एवढं? शिसं आहे ते, रक्त नाही येत त्याला. मुदत जवळ आली, आता लाड पुरेत.

पाट्या छापून आल्या, सुरेख झाल्यात. वर "पुलाची लढाई: निळ्यांचा विजय" आणि खाली माझं नाव. तुझं बसलं नाही गं. म्हणजे जागा होती, पण मंडळात लगेच कुजबुज सुरू होते, बाहेरचा हात आहे का, कुणाकडून करून घेतलं. उगाच परीक्षकाच्या डोक्यात किडा कशाला सोडायचा? मी सगळ्यांना तोंडी सांगेनच. आणि तसं बघितलं तर मेलेल्यांची नावं कोण विचारतं! हा हा. रागावू नकोस.

तुझा तो किटलीवाला मात्र पाठवच. तो मला पुलाच्या बरोबर मध्यभागी हवा, पालथा पडलेला, किटली हातातून सुटलेली. निळे त्याला ओलांडून पुढे जातायत. लोक हसतील, आणि हसलेला परीक्षक दोन गुण जास्त देतो, हा माझा अनुभव आहे.

सगळे बारा मार्चच्या आत पोचतील असं बघ.

दादा

१९ फेब्रुवारी

दादा,

बरं. पाटीचं राहू दे.

काल कामाला लागले. आता हात अडत नाही, झरझर चाललंय. तू म्हणालास ते बरोबर होतं, शिसंच आहे, रक्त येत नाही.

सगळ्यांना चिखलाच्या बैठकीवर पक्कं बसवून पाठवते. तुझ्या टेबलात तेवढे खळगे ठेव आणि जशाच्या तशा बैठका त्यात बसव. उचकटून बघायला जाऊ नकोस, बोटं आणि भाल्यांची टोकं नाजूक आहेत, तुटतील. खालची बाजू पूर्ण रंगवलेली आहे. आरसा कुठेही घातला तरी कोरी जागा सापडणार नाही.

किटलीवाला पुलाच्या मध्यभागीच बसेल, असा केलाय. त्याच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली.

बारकी

१३ मार्च

प्रिय बारके,

खोकं पोचलं! कापूस बाजूला केला आणि खरं सांगतो, चाटच पडलो. खुर्चीत बसून राहिलो. वहिनीला हाक मारली तर ती बघून म्हणाली, "अगंबाई, हे तर खरेखुरे मेलेत."

कोटांच्या चुण्या, चिखलात रुतलेली बोटं, एकाच्या बुटाचा सुटलेला तळ! आणि किटलीवाला! किटलीतून सांडलेला चहा तू चिखलात वेगळा दाखवलायस, थोडा चकाकतो सुद्धा. मी भिंग घेऊन अख्खी सकाळ बघत होतो. इतकी वर्षं तू हे एकटी घरात बसून करत होतीस आणि मी एकदाही येऊन बघितलं नाही, याची लाज वाटली थोडी.

तू म्हणालीस तसं उचकटलं नाही, सरळ खळग्यांत बसवून चिकटवून टाकले. पूल आता पूल वाटतो. शेवटी तुला मोठ्या भावाचं पटलं, याचा आनंद बक्षिसापेक्षा कमी नाही. निकाल लागला की लगेच कळवतो.

तुझा,
दादा

२ एप्रिल

बारके,

दुसरा आलो.

कुणामुळे, ते सांगतो. परीक्षक आला तेव्हा माझ्या टेबलाभोवती सगळ्यात जास्त गर्दी. लोक किटलीवाल्याला बघून हसत होते, न्यायाधीशसुद्धा खाकरायचा थांबून हसला. परीक्षकाने दोनदा मान डोलावली. आता नंबर माझाच, असं हाडांचा डॉक्टर माझ्या कानात म्हणाला. तेवढ्यात त्या माणसाने खिशातून आरसा काढला आणि किटलीवाल्याच्या छातीखाली सरकवला. बघतच राहिला. मग दुसऱ्याखाली घातला, तिसऱ्याखाली घातला. मला म्हणाला, "हे खालून निळे कसे?"

आरसा हातात घेऊन बघतो तर खरंच निळे! वरून लाल कोट, खालून निळे कोट! ही काय खोडी काढलीस? पाटीवर नाव घातलं नाही म्हणून डूख धरलास? बरं, निळा तर निळा, दिलास तो तरी नीट द्यायचा! रंग लगद्यासारखा जाड. पांढरे पट्टे कोटावर ओघळलेले. बटणं म्हणजे नुसते ठिपके, एक इथे एक तिथे. किटलीवाल्याचा एक डोळा तर पार भुवईच्या वर, आरशातून माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता. शाळकरी पोराने पहिल्यांदा ब्रश धरावा तसलं काम. वरचं काम करणाऱ्या हाताने हे केलंय यावर कुणाचा विश्वास बसेल?

परीक्षकाचाही बसला नाही. तो म्हणाला, "एका शिपायावर दोन माणसांचे हात दिसतात." आता मी काय करणार? चारचौघांत उभा. मी सांगून टाकलं की वरचं सगळं काम माझं आहे, खालची बाजू तेवढी बहिणीने केली. तिला रंगवायचा शौक आहे, मन मोडवेना म्हणून दिली. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तिथे दुसरं सुचण्यासारखं नव्हतं. त्याने कागदावर लिहिलं ते तसंच्या तसं देतो: "वरचं काम अव्वल. खालचं नवशिक्याचं, मुळात हात नसलेल्या माणसाचं." अर्ध्या गुणाने गेलं माझं पहिलं बक्षीस.

घाई झाली होती तर सांगायचं होतंस. मी येऊन खालची बाजू केली असती. एकदाच मागितलं होतं मी तुझ्याकडे काही. घरी आल्यापासून टेबल झाकून ठेवलंय, बघवत नाही.

दादा

९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचलं. मग भांडी घासली, कामावर गेले, एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी बसवून दिली, ते आरशात बघून रडले. घरी आले आणि पुन्हा वाचलं. आता उत्तर देते.

खालची बाजू मी रंगवली नाही. तिला मी ब्रशच लावला नाही. फक्त धूळ पुसली आणि वरून पारदर्शक वॉर्निश मारलं, रंग उडू नये म्हणून. इतक्या वर्षांचा रंग पोपडे धरतो, सांभाळावा लागतो.

तुझा बिस्किटांचा डबा मी उघडला, दादा. तुझं पत्र आलं, मेलेल्यांची नावं कोण विचारतं म्हणून, त्याच संध्याकाळी उघडला. सगळे कागदात गुंडाळलेले होते. एकाच साच्यातले, तुझे आणि माझे, तेव्हा कुणाला फरक कळणार नव्हता. कापले, वाकवले, तारा घातल्या. जी बाजू वर येईल तिला लाल कोट चढवला. जी खाली जाईल ती तू बाराव्या वर्षी जशी रंगवली होतीस तशीच ठेवली. खालची बाजू पूर्ण रंगवलेली आहे असं मी लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. तूच रंगवली होतीस.

वरचं काम अव्वल, ते माझं. खालचं नवशिक्याचं, ते तुझं. तू परीक्षकाला बरोबर उलटं सांगितलंस. पाटीवर माझं नाव बसलं नाही. गर्दी हसत होती तेव्हा तोंडी सांगायचं तुला आठवलं नाही. गुण जायची वेळ आली तेव्हा बहीण आठवली.

हे करताना मला मजा आली, असं समजू नकोस. त्या डब्यात बाबांच्या हातचा कागद होता, वर "मोठ्याचे शिपाई, हात लावू नये" असं लिहिलेलं. माझ्या खोक्यावर त्यांनी कधी काही लिहिलं नाही. तरी मी कापता कापता दोनदा उठून गेले. खोकं पाठवल्यावर तुझं ते तेरा तारखेचं पत्र आलं, लाज वाटली म्हणालास त्यात, आणि माझाच जीव कासावीस झाला. खरं काय ते लिहायला बसले होते. म्हटलं, स्पर्धा होऊ दे, हा पहिला येऊ दे, मग सांगू आणि दोघं हसू. तुझं दोन एप्रिलचं पत्र येईपर्यंत मला वाईट वाटत होतं. आता वाटत नाही.

माझ्या लाल पथकातला एकही कापलेला नाही. भालेवाल्याच्या पायावर तेवढी एक रेघ आहे. सगळे उभे आहेत, माझ्यासमोर. किटलीवाला पण.

तेव्हा टेबलावरचं कापड काढ आणि पुलावर कोण मेलंय ते नीट बघ. निळे मेलेत. लढाई जशी झाली होती तशीच मांडली गेली आहे. पाटी तेवढी चुकीची छापलीस.

बारकी

१७ एप्रिल

बारके,

सेनापतीसुद्धा? तेवढंच सांग. तो डब्यातच आहे ना? बाकीचे राहू देत. त्याला तरी ठेवलं असशील.

दादा

२१ एप्रिल

दादा,

पुलाच्या मध्यभागी बघ. किटली त्याच्याच हातातून सुटली आहे. लोक त्यालाच हसत होते.

आरसा पुन्हा एकदा खाली घाल. बाबांना आवडलेले डोळे तुला दिसतील.

बारकी